माघारीचं सौंदर्य

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं गाव आहे आणि गावाला लागूनच स्नो किंग हा डोंगर. पायथा समुद्रसपाटीपासून ६,२३७ फुटांवर, माथा ७,८०८ फुटांवर. मार्च सरत आला की स्कीइंगच्या या उतारावर स्नोमोबाइलच्या चढाईची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. खालून सुटायचं, झेंड्यांनी आखलेल्या फाटकांतून वाट काढायची आणि माथा गाठायचा. पोचणाऱ्याची वेळ धरतात. जो मध्येच रुततो किंवा गडगडतो, त्याची मजल कुठवर गेली ते पाहतात.

बघ्यांना उड्या दिसतात, उधळलेला बर्फ दिसतो, चालकाविना खाली घरंगळत येणारी यंत्रं दिसतात. दर्दी माणूस ऐकत असतो. त्याचा जीव अडकलेला असतो बॉनेटखालच्या दोन पुल्या, एक रबरी पट्टा आणि साखळीने जोडलेली दोन दातेरी चक्रं यांच्या जुळणीत. स्टॉक वर्गात इंजिनाच्या पोटात हात घालता येत नाही, त्यामुळे जुळणाऱ्याची अक्कल दिसते ती सहसा इथेच. आणि या जुळणीची खरी परीक्षा वेग वाढताना होत नाही, वेग तुटताना होते. चढाची उत्तम जुळणी म्हणजे झटकन आणि अब्रूने माघार घेणारी जुळणी, असं माझं स्वच्छ मत आहे.

पुल्या-पट्ट्याचं हे यंत्र आपल्याला अगदीच परकं नाही. १९८०च्या दशकात पुण्याच्या कायनेटिकने होंडाच्या साथीने गिअर न टाकता पळणारी स्कूटर आणली. आजच्या अ‍ॅक्टिव्हातही तीच युक्ती आहे. इंजिन जोरात फिरू लागलं की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात आणि त्यांच्या बेचक्यातला पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. पायरी कुठेच नाही, गिअर आपोआप बदलत राहतो. स्नोमोबाइलमध्ये रोलरांच्या जागी बिजागरीवर झुलणारी वजनं असतात, सहसा तीन. पण स्कूटरला सिग्नलवरून निघून बाजारात पोचायचं असतं. इथे त्याच जातीच्या पट्ट्यावरून दीडशेहून जास्त अश्वशक्ती जाते, तीही उभ्या चढावर.

हे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असतं आणि त्याचा स्वभाव हट्टी. धुराड्याच्या फुगीर पाइपातून परतणारी दाबाची लाट ठरावीक वेगालाच नेमक्या क्षणी सिलिंडरच्या तोंडाशी पोचते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलते. ती वेळ जुळते साधारण आठ हजार आरपीएमच्या आगेमागे. पाचसहाशेने खाली घसरलं की इंजिन गुदमरतं, वर गेलं की नुसतंच ओरडतं. म्हणून जुळणाऱ्याचं पहिलं व्रत एकच: चढ बदलो, बर्फ बदलो, इंजिन त्या अरुंद पट्टीतून हलता कामा नये. मुरलेला गवय्या लय वाढवत नेतो, पण त्याचा षड्ज तसूभर हलत नाही, तसं इथे व्हायला हवं. उत्तम जुळलेलं यंत्र ताशी तीसवरून नव्वदवर जातं, तेव्हा त्याचा आवाज चढत नाही. एकच सूर टिकून असतो आणि त्या सुराखाली जमीन मात्र भराभर मागे पडत असते.

हा सूर लावण्याचं काम पुढच्या पुलीचं, म्हणजे प्रायमरीचं. तिच्यात दोन शक्तींची झोंबाझोंबी चालते. स्प्रिंग थाळ्या उघडू पाहते, वजनं त्या मिटवू पाहतात. वजनांचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८,००० वरून ८,२०० वर गेलं तरी पाच टक्क्यांनी. वजन जड केलं तर पट्टा लवकर चढतो आणि इंजिन दबतं, हलकं केलं तर इंजिन मोकाट सुटतं. एका ग्रॅमने शंभरेक आरपीएमचा फरक पडतो, असा गॅरेजमधला ढोबळ हिशेब आहे. पण ग्रॅम किती यापेक्षा तो कुठे, हा प्रश्न जास्त रसाळ. वजनाच्या बुडाशी घातलेला ग्रॅम सुटतानाच्या ओढीवर परिणाम करतो, टोकाशी घातलेला पुढच्या वेगावर. स्प्रिंगचेही असेच दोन आकडे असतात, सुरुवातीचा आणि शेवटचा, उदाहरणार्थ १२० आणि ३२० पौंड. पहिला आकडा पट्टा कधी पकड घेणार ते ठरवतो. तो फार चढवला तर यंत्र झेंडा पडताच उसळतं, पण मागचा ट्रॅक, म्हणजे बर्फावर फिरणारा रुंद पट्टा, जागीच खड्डा खणतो.

इथवरची कारागिरी सपाटीच्या शर्यतीतही लागते. चढाची जुळणी वेगळी उठून दिसते ती मागच्या पुलीत, सेकंडरीत. प्रायमरीला कळतो तो इंजिनाचा वेग, सेकंडरीला कळतो तो ट्रॅकवरचा भार. तिच्यात हेलिक्स नावाचा तिरका कापलेला तुकडा असतो. ट्रॅकला विरोध झाला की सरकती थाळी त्या तिरक्या कडेवर पिळली जाते आणि पट्ट्याला चिमटते. भार वाढला की चिमटा आवळतो, पट्टा मागच्या पुलीत वर चढतो, पुढच्या पुलीतून खाली ओढला जातो आणि गिअर खालचा होतो. कोणी काही टाकलेलं नसतं, चढानेच तो मागून घेतलेला असतो.

आता एक उडी जवळून पाहू. यंत्र उंचवट्यावरून सुटतं आणि ट्रॅक हवेत येतो. क्षणार्धात भार शून्य, हेलिक्सचा चिमटा ढिला, इंजिनाचा वेग उसळतो, वजनं बाहेर फेकली जातात आणि पट्टा वरच्या गिअरकडे पळतो. अर्ध्या सेकंदाने यंत्र चढावर आदळतं. आता भार पूर्ण आणि गिअर मात्र सपाटीवरचा. या घटकेला सेकंडरीने पट्टा खेचून खाली आणला, तर सूर जरासा खचतो आणि लगेच सावरतो. नाही आणला, तर इंजिन पाइपच्या लाटेतून बाहेर पडतं, गाडी दम खाते आणि उरलेला डोंगर रडत चढते. ही माघार झटपट व्हावी म्हणून हेलिक्सचा कोन कमी ठेवतात, म्हणजे ४४ अंशांच्या जागी ३८, शिवाय सेकंडरीची स्प्रिंगही ताठ करतात. कमी कोनाची कड तेवढ्याच पिळाला जास्त जोराने चिमटते.

याची किंमतही मोजावी लागते. जो चिमटा माघारीत धावून येतो, तोच पुढे जाताना पट्ट्याचा पाय ओढतो. वेग सावकाश वाढतो, आणि भलताच आवळला तर पट्टा तापतो. म्हणून काही जण दुहेरी कोनाचा हेलिक्स घेतात, सुरुवातीला जास्त अंश, पुढे कमी. माझ्या मते चुकायचंच असेल तर माघारीच्या बाजूने चुकलेलं बरं. उशिरा वाढणारा वेग शर्यतीत थोडा वेळ खातो, पण न आलेली माघार चढावर कुठे गाठेल याचा भरवसा नाही.

गिअरिंगचा हिशेब यामानाने रुक्ष वाटतो, पण त्यातही एक खुमारी आहे. साखळीपेटीत वर २१ दात्यांचं आणि खाली ४९ दात्यांचं चक्र आहे असं धरा. इंजिन ८,१०० आरपीएमवर आहे, दोन्ही पुल्या सम गतीने फिरताहेत आणि ट्रॅक ओढणारं चक्र ८ दात्यांचं, २.८६ इंच अंतराचं आहे. तर ट्रॅकचा वेग येतो ताशी सुमारे १२१ किलोमीटर. तिथे १९ आणि ५१ दात्यांची जोडी बसवली की तो १०५ वर येतो. बेरीज दोन्हीकडे सत्तरच, त्यामुळे साखळी साधारण तीच चालते आणि बारीकसा फरक टेन्शनर सांभाळतो. वरकरणी हा सोळा किलोमीटरचा तोटा. पण ताशी ६० च्या चढावर आता क्लचला, म्हणजे दोन पुल्यांच्या जोडीला, दोनास एकऐवजी पावणेदोनास एकचं प्रमाण पुरतं. म्हणजे पट्टा पुढच्या पुलीच्या तळाशी घट्ट वळण घेऊन कुढत बसत नाही. जिथे त्याची पकड चांगली आणि घसरण कमी, तिथे तो वावरतो, आणि माघारीला खाली जागाही शिल्लक राहते. जो वेग डोंगर कधी देणारच नाही, तो सोडून देऊन हे सगळं पदरात पडतं. हावरा माणूस इथेच फसतो.

हे जुळलं की नाही ते कसं वाचायचं? जुने जाणकार काळा मार्कर घेतात आणि पुढच्या पुलीच्या थाळीवर मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ ओढतात. फेरी संपली की पाहायचं. पट्टा जिथवर चढला तिथवर रेघ पुसलेली असते, पुढे शाबूत. कडेला दोन बोटं रेघ कोरी राहिली तर गिअरिंग उंच आहे, क्लचला आपला पूर्ण आवाका वापरताच आला नाही. मग थाळ्यांना हात लावून पाहायचा. पुढची जास्त तापली असेल तर पट्टा पुढे घसरतोय, मागची तापली असेल तर हेलिक्स किंवा स्प्रिंग कमजोर. टॅकोमीटर आणि डेटा लॉगर आले, तरी ही रेघ आणि हा हात अजून टिकून आहेत.

हवेचा हिशेब वेगळाच. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. जॅक्सनला पोचेपर्यंत पाचवा हिस्सा गेलेलाच असतो, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत आणखी चार-पाच टक्के जातात. म्हणून इथे वजनं काही ग्रॅमनी हलकी लागतात. २०२० साली स्की-डूने कारखान्यातूनच टर्बो बसवलेलं टू-स्ट्रोक आणल्यापासून हे गणित त्या वर्गापुरतं सोपं झालं.

कंपन्यांच्या घराण्यांतही फरक आहे. स्की-डूच्या टीआरए क्लचवर १ ते ६ खुणांचे स्क्रू असतात. एक खूण फिरवली की सुमारे २०० आरपीएमचा फरक पडतो, तोही क्लच न उघडता. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात याची सर कशालाच नाही. पोलारिसने क्विकड्राइव्हमध्ये साखळी काढून दातेरी पट्टा घातला. यंत्र हलकं झालं, पण एकेक दाता कमीजास्त करण्याची जुनी मोकळीक आटली. मला साखळीपेटीच जवळची वाटते, कारण तिथे दोन पानं आणि मूठभर चक्रं असली की सकाळचं मत दुपारी बदलता येतं. मार्चमध्ये ते बदलावंच लागतं. सकाळी कडक असलेला बर्फ दुपारी खिचडीसारखा जड होतो आणि तीच जुळणी दोनशे आरपीएम खाली बसते.

चढाईची चित्रफीत पाहायला मिळाली तर दोन ठिकाणी कान द्यावा. पहिल्या उडीनंतर ट्रॅक टेकतो तिथे, आणि माथ्याखालच्या शेवटच्या उभ्या टप्प्यात. टेकल्यावर सूर खचून तसाच राहिला, तर हेलिक्स चुकला. शेवटच्या टप्प्यात सूर हळूहळू खाली सरकत गेला, तर वजनं जड किंवा गिअर उंच. आवाज चढतोय आणि यंत्र मात्र जागचं हलत नाही, तर पट्टा तरी घसरतोय किंवा ट्रॅक तरी. दोन्हीकडे सूर आपल्या जागेवर परत आला, तर चालक माथ्याला पोचो वा न पोचो, जुळणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.