संगीत-कार्यक्रमांची प्रसिद्धी आणि रसिकांशी संवाद : 'ओअ‍ॅसिस'च्या तिकीटविक्रीची चिकित्सा

प्रस्तावना

प्रत्यक्ष मैफलीत कलावंत आणि रसिक यांच्यातील संवादाला केंद्रवर्ती स्थान असते, हे सर्वमान्य आहे. मात्र हा संवाद रंगमंचावर सुरू होत नाही. कार्यक्रमाची पहिली घोषणा होते तेव्हाच त्याचा प्रारंभ झालेला असतो. प्रसिद्धीची चर्चा बहुधा जाहिरातीची आकर्षकता आणि विक्रीचे आकडे यांभोवतीच फिरते. रसिकाला निर्णय घेण्यासाठी आवश्यक असलेली माहिती वेळेवर मिळाली का, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. 'ओअ‍ॅसिस' या ब्रिटिश बँडच्या २०२५ मधील दौऱ्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

घोषणेची भाषा आणि विक्रीची भाषा

२००९ मध्ये विभक्त झालेला हा बँड पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा २७ ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि ३१ ऑगस्टला ब्रिटन व आयर्लंडमधील कार्यक्रमांची सर्वसाधारण तिकीटविक्री सुरू झाली. ऑनलाइन रांगेत अनेकांना तासन्‌तास तिष्ठावे लागले. सुमारे १५० पौंडांचे उभ्याने पाहण्याचे तिकीट मिळेल या अपेक्षेने थांबलेल्या अनेकांपुढे शेवटी ३५५ पौंडांच्या घरातील दर आला. तिकीट घ्यावे की सोडावे, हे मग घाईघाईने ठरवावे लागले.

ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने सप्टेंबर २०२४ मध्ये टिकेटमास्टर या विक्रेत्या कंपनीची चौकशी सुरू केली. मागणीनुसार क्षणोक्षणी दर बदलणारी संगणकीय पद्धत वापरल्याचा पुरावा प्राधिकरणास आढळला नाही. उभ्याने पाहण्याची तिकिटे दोन दरांत होती. स्वस्त तिकिटे संपताच महाग तिकिटे विक्रीस येत होती, मात्र याची स्पष्ट कल्पना रांगेतील लोकांना नव्हती. तसेच काही तिकिटे 'प्लॅटिनम' या नावाने सुमारे अडीच पट दराने विकली गेली. त्यांसोबत कोणतीही अधिक सुविधा नसल्याचे पुरेसे सांगितले गेले नाही, असा आक्षेप प्राधिकरणाने मार्च २०२५ मध्ये नोंदविला.

येथे वादाचे मर्म स्पष्ट होते. चढा दर हे रसिकाच्या रोषाचे एक कारण होते. परंतु तो दर रांगेच्या शेवटी समजला, हे अधिक गंभीर कारण होय. दर आधी समजला असता तर रांगेत उभेच न राहण्याचे स्वातंत्र्य रसिकाला असते. अनेक तास खर्ची पडल्यावर दिलेला होकार हा पूर्णतः स्वतंत्र होकार मानता येत नाही.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

तिकिटांचे व दरांचे निर्णय आयोजक आणि व्यवस्थापन यांच्याकडे असतात. ही दरपद्धती वापरली जाणार असल्याची आपणास कल्पना नव्हती, असे निवेदन बँडच्या वतीने सप्टेंबर २०२४ मध्ये करण्यात आले. घोषणा कलावंताच्या नावाने होते, परंतु दराविषयी उत्तर देण्याची वेळ आली की तो आवाज माघार घेतो, ही विसंगती लक्षणीय आहे. आवाहन 'रसिका'ला केले जाते आणि व्यवहार मात्र 'ग्राहका'शी होतो.

याउलट मार्च २०२३ मध्ये 'द क्युअर' या बँडच्या अमेरिकेतील दौऱ्यात काही स्वस्त तिकिटांवरील शुल्क मूळ दराहूनही अधिक झाले, तेव्हा गायक रॉबर्ट स्मिथ यांनी ट्विटरवरून उघड नाराजी व्यक्त केली आणि टिकेटमास्टरने शुल्काचा काही भाग परत केला. कलावंताने ठरविल्यास संवाद शक्य असतो, हे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रातील अनुभव

'कोल्डप्ले'च्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. आरंभी १८ व १९ जानेवारी २०२५ हे दोनच दिवस जाहीर होते. २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम विक्रीच्या दिवशीच वाढविण्यात आला. अहमदाबादचे कार्यक्रम त्यानंतर जाहीर झाले. गुजरातमधील एखाद्या रसिकाने दरम्यान मुंबईचा प्रवास व मुक्काम निश्चित केला असल्यास, त्याचा निर्णय अपुऱ्या माहितीवर आधारलेला ठरतो. मराठी नाटकाच्या तिकीट खिडकीवर 'प्लॅन' समोर असे. कोणत्या रांगेचा दर किती आणि कोणत्या खुर्च्या शिल्लक आहेत, हे प्रेक्षकाला पैसे देण्यापूर्वी दिसे. तंत्र साधे होते, परंतु माहिती पूर्ण होती.

निष्कर्ष

मागणी प्रचंड असता सर्वांना तिकीट मिळणे अशक्य आहे आणि चांगल्या संवादाने खुर्च्या वाढत नाहीत, हा आयोजकांचा युक्तिवाद ग्राह्य आहे. तथापि त्यातून मौनाचे समर्थन होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टिकेटमास्टरने प्राधिकरणास दिलेल्या हमीनुसार टप्प्याटप्प्याचे दर असल्यास त्याची सूचना २४ तास आधी द्यावयाची आणि रांगेतच दरांची अधिक माहिती पुरवावयाची आहे. हा न्यायनिर्णय नव्हे. परंतु एवढी माहिती आधी देणे व्यवहार्य होते, हे त्यातून सिद्ध होते. रसिकाला नकार देण्याइतकी माहिती पुरविणारी प्रसिद्धीच संवाद या संज्ञेस पात्र ठरते.