‘नवनाथ भक्तिसार’मधील विद्याव्यवस्था आणि भूमिकाप्रधान खेळातील जादूची रचना

भूमिकाप्रधान खेळ म्हणजेच रोल-प्लेइंग गेम. त्यात खेळणारा एखादे पात्र धारण करतो आणि त्या पात्राच्या सामर्थ्याच्या मर्यादेतच त्याला निर्णय घ्यावे लागतात. अद्भुताधिष्ठित खेळात ही मर्यादा आखण्याचे काम जादूचे नियम करतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ मधील ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने ही मर्यादा संख्येची मानली. मांत्रिकाने ठरावीक मंत्र पाठ करावेत, एकदा उच्चारलेला मंत्र स्मृतीतून पुसला जावा. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकावरून घेतलेली आहे. पुढे कादंबरीकार ब्रँडन सँडरसन यांनी २००७ मध्ये असा विचार मांडला की, जादूचे नियम वाचकाला जितके कळलेले असतील तितक्याच प्रमाणात लेखकाने जादूने पेच सोडवावेत.

या दोन्ही भूमिका समोर ठेवून मालू धुंडीसुतकृत ‘नवनाथ भक्तिसार’ (शके १७४१, इ.स. १८१९) हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ वाचला असता एक गोष्ट ध्यानात येते. केवळ पारायणाची चमत्कारपोथी म्हणून मराठी समीक्षेने बहुधा दुर्लक्षिलेल्या या ग्रंथात जादूची एक सुसूत्र व्यवस्था आहे, आणि ती संख्येवर उभी नाही, वचनावर उभी आहे.

मच्छिंद्रनाथाला शाबरी विद्या आयती मिळत नाही. सप्तशृंगीची देवी त्याला मार्तंड पर्वतावरील वृक्षाची वाट दाखविते आणि तेथे एकेका देवतेला प्रसन्न करून घ्यावे लागते. बारामल्हार वनात वेताळाला झुंजीत नमवावे लागते, तेव्हा कोठे तो मंत्रप्रयोगाच्या वेळी साह्याचे वचन देतो. म्हणजे मंत्र हे स्वतः बळ नव्हे, कोणीतरी दिलेल्या शब्दाची ती आठवण आहे. खेळाच्या भाषेत सांगावयाचे तर येथे प्रत्येक मंत्रामागे एक पूर्वकथा आहे. ती खेळून झाल्याशिवाय मंत्र हाती येत नाही.

या व्यवस्थेचा सर्वांत रेखीव नमुना नागनाथाच्या आख्यानात सापडतो. ग्रंथ त्याचे वास्तव्य बालेघाटाच्या परिसरात दाखवितो. उदगीरशेजारच्या चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ हे गाव त्याचे नाव आजही वागविते (हाच दावा सांगणारी इतरही स्थाने आहेत, तो वाद येथे अप्रस्तुत). दारावर शिष्यांनी अडविल्याने मच्छिंद्र चिडतो आणि स्पर्शास्त्राने त्यांना भूमीला खिळवून टाकतो. मग गुरूच रणात उतरतो. पर्वताला वज्र, सर्पाला गरुड, असे अस्त्र-प्रत्यस्त्राचे उत्तर ठरलेले आहे. परंतु नागनाथाने गरुडबंधनविद्येचा जप आधीच करून ठेवलेला असतो. त्यामुळे सर्पास्त्र सुटल्यावर मच्छिंद्राचे गरुडास्त्र निष्फळ ठरते. येथे नियम मोडलेला नाही, प्रतिपक्षाची पुढची चाल ओळखून तो आधीच वापरलेला आहे. कोणत्याही खेळकर्त्याने हेवा करावा अशी ही योजना आहे.

मरणोन्मुख मच्छिंद्र गुरूचा धावा करतो, दत्तात्रेयाचे नाव ऐकून नागनाथ चमकतो आणि युद्ध थांबते. ही सुटका वरवर पाहता योगायोगाची वाटेल. तथापि दोघांच्याही विद्येचे मूळ एकच गुरू आहे हे लक्षात घेतल्यास, ओळख पटताच वैर मावळणे हा त्या व्यवस्थेचाच एक नियम ठरतो. सँडरसन यांची कसोटी या प्रसंगाला लागू पडते. सर्वच प्रसंगांना ती लागू पडत नाही. अनेक युद्धे देवांनी मध्यस्थी करून मिटविली जातात, तेथे मालूची रचना उघडच सैल आहे. भाविक श्रोत्याला ते खटकत नसावे. खेळणाऱ्याला मात्र खटकेल, कारण त्याच्या निर्णयाचे मोलच त्यामुळे नाहीसे होते.

कानिफ–गोरक्ष भेटीतील आंब्यांचा प्रसंगही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कानिफ मंत्राने आंबे झाडावरून उतरवितो. उरलेली फळे पुन्हा देठाला लावणे मात्र त्याला शक्य होत नाही, ते गोरक्ष संजीवनी मंत्राने करून दाखवितो. तोडण्याची विद्या आणि जोडण्याची विद्या यांत येथे प्रतीचे अंतर मानलेले आहे. नुकसान किती गुणांचे झाले याची मोजदाद करणाऱ्या खेळांत हे अंतर क्वचितच दिसते.

हाच संजीवनी मंत्र गोरक्ष दुसऱ्या एका प्रसंगी पाठ करीत असतो. मुलांच्या आग्रहावरून त्याच वेळी तो चिखलाचा गाडीवान घडवितो आणि पुतळा सजीव होतो. मंत्राने कर्त्याचा हेतू विचारलेला नाही. भूत समजून मुले पळतात. पण ग्रंथ तेवढ्यावर थांबत नाही. चुकून जन्मलेल्या त्या बालकाला, म्हणजे गहिनीनाथाला, कोणी वाढवावे हा प्रश्न मच्छिंद्रापुढे उभा राहतो आणि मधुनाभा ब्राह्मण व त्याची पत्नी गंगा यांच्या ओटीत मूल घातले जाते. मराठीत असा खेळ रचू पाहणारा केवळ वातास्त्र, पर्वतास्त्र, स्पर्शास्त्र यांची यादी उचलील तर त्याच्या हाती परक्या खेळाची मराठी नावे तेवढी उरतील. मंत्र चुकला तर त्यातून जन्मलेल्याला सांभाळावयाचे कोणी, हा गहिनीच्या कथेतील प्रश्न त्याला आपल्या नियमपुस्तकात लिहावा लागेल.