थॉम्पसनचं घड्याळ आणि गिरणीचा भोंगा

मागच्या महिन्यात लिटरेचर रिव्ह्यूचा पहिला मसुदा घेऊन गाईडकडे गेलो होतो. त्यात एक वाक्य होतं: औद्योगिक क्रांतीत घड्याळाने इंग्लंडच्या कामगाराला शिस्त लावली, आणि पुढे हीच प्रक्रिया मुंबईच्या गिरण्यांत घडली. कंसात ई. पी. थॉम्पसन, १९६७. मॅडमनी ते वाक्य पेन्सिलने गोल केलं आणि विचारलं, "हे त्याने कुठे म्हटलंय? काढून दाखव."

काढता आलं नाही. कारण मूळ निबंध मी वाचलाच नव्हता. चार जणांनी केलेले सारांश वाचले होते, आणि ते चौघंही एकमेकांचंच वाचून लिहीत असावेत असा आता मला दाट संशय आहे.

मग ठाणे ते डोंबिवली आणि परत असा आठवडाभर लोकलमध्ये तो निबंध वाचला. 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात डिसेंबर १९६७ मध्ये आलेला हा निबंध आहे. पेटच्या तयारीत तुमच्याही हातात तो कधीतरी येईलच, म्हणून माझं त्याच्याशी कुठे जमलं आणि कुठे नाही ते लिहितो.

थॉम्पसनचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्याआधी काम हे कामाच्या गरजेने ठरायचं. गाय व्याली की उठायचं, भरती आली की होडी काढायची. विणकर सोमवारी आराम करायचा, याला तिथे 'सेंट मंडे' म्हणत, आणि आठवड्याच्या शेवटी रात्री जागून माल पुरा करायचा. कारखाना आला आणि मालक वेळ विकत घेऊ लागला. कामगारांची पहिली पिढी वेळेचं महत्त्व शिकली, दुसरी कामाचे तास कमी करा म्हणून भांडली, तिसरीने ओव्हरटाइम मागितला. वाचायला हा भाग फार सुंदर आहे. सगळे तेवढाच उचलतात.

मी एमएस्सी फिजिक्स करून इकडे आलो. त्यामुळे माझा पहिला प्रश्न सवयीचा: हे मोजलं कशाने? थॉम्पसनचा पुरावा बराचसा कारखान्यांचे नियम, नीतिउपदेशकांची पुस्तकं आणि मालकांच्या तक्रारींमधून येतो. एखादी गोष्ट करू नका असा नियम असेल, तर ती गोष्ट होत होती एवढं कळतं. किती होत होती आणि नियमानंतर कमी झाली का, हे त्या नियमातून कळत नाही.

हान्स-योआखिम फोथ याने २००० साली आलेल्या पुस्तकात यावर एक भन्नाट युक्ती केली. लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात साक्षीदार सांगत, 'चोरी झाली तेव्हा मी अमुक काम करत होतो.' चोर काही साक्षीदाराची वेळ बघून चोरी करत नाही. म्हणजे ही जवळजवळ रँडम सॅम्पलिंगच झाली! त्यातून दिसलं ते असं: १७६० च्या आसपास सोमवार खरोखर सुट्टीसारखा होता, १८०० पर्यंत तो इतर वारांसारखा झाला. पण रोजच्या कामाची लांबी तितकीशी बदलली नाही. तास वाढले ते मुख्यतः सुट्ट्या गेल्यामुळे. कामाचा बोजा वाढला हे थॉम्पसनचं बरोबर, पण तो घड्याळाइतकाच कॅलेंडरमधून वाढला.

आता मुंबईकडे. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे (यांचा जन्म आपल्या ठाण्यातला) यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. रविवारची सुट्टी मालकांनी मान्य केली ती १० जून १८९० ला. दरवर्षी त्या तारखेला 'देशाला रविवार मिळाला' असे मेसेज फिरतात, ते जरा जपून घ्या. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीच बंद असत. हा निर्णय मुंबईच्या गिरण्यांचा होता. आठवड्याच्या सुट्टीचा कायदा १८९१ चा.

पण तुलना बघा. इंग्लंडचा कामगार हातात असलेला सोमवार गमावत होता. मुंबईचा कामगार ठरलेला वार मागत होता. एकाच 'प्रक्रियेची' ही उशिरा आलेली आवृत्ती नव्हे. दिवसाची लांबीही इथे बराच काळ सूर्यावर होती: उन्हाळ्यात पाळी मोठी, हिवाळ्यात लहान. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. पुरुष कामगारांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ चा कायदा यावा लागला. म्हणजे दिवस लांबवला तो दिव्याने. माझ्या मसुद्यात दिव्याबद्दल एक ओळ नव्हती.

आळशीपणाच्या तक्रारीचंही तसंच. १९०८ च्या फॅक्टरी कमिशनने नोंदवलं की कामगार मधूनच उठून जेवायला, विडी ओढायला, अंघोळीला जातात. याचा अर्थ 'खेड्यातला माणूस, शिस्त नाही' असा लावणं सोपं. मॉरिस डी. मॉरिस याने १९६५ मध्येच, म्हणजे थॉम्पसनच्या दोन वर्षं आधी, सांगितलं होतं की मजुरी स्वस्त असल्याने मालक जादा माणसं ठेवत आणि हे फिरणं त्यात धरलेलंच असे. थॉम्पसन निबंधाच्या शेवटी मेक्सिको आणि कॅमेरूनच्या कामगारांपर्यंत येतो, पण तिथे त्याचा हात घाईत आहे. इंग्लंडबद्दल दाखवलेली चिकाटी तिथे नाही.

एवढं लिहून मी खूश होतो. त्यात १९०६ चा मुद्दा तर हुकमी एक्का वाटत होता. १ जानेवारी १९०६ ला सरकारने भारतीय प्रमाणवेळ घेतली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. गिरणी नव्या घड्याळाने त्याच आकड्याला सुरू झाली, तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी उठावं लागणार. जानेवारीत काही गिरण्यांत काम थांबलं, दगडफेक झाली. भांडण घड्याळ हवं की नको हे नव्हतंच. कोणाचं घड्याळ, हे होतं. थॉम्पसनला हे सुचलं नाही, असं मी ठणकावून लिहिलं.

मग निबंध दुसऱ्यांदा वाचला. १७०० च्या सुमाराच्या क्रॉलीच्या लोखंड कारखान्याच्या नियमांत थॉम्पसनने स्वतःच दाखवलंय: हिशेबासाठी कारखान्याच्या देखरेख्याचं घड्याळ सोडून दुसरं कोणतंही घड्याळ किंवा घंटा धरायची नाही. कोणाचं घड्याळ, हाच प्रश्न! त्याच्या पुराव्यात तो आहे. सारांश करणाऱ्यांनी गाळला, आणि पहिल्या वाचनात तो भाग माझ्या नजरेसमोरून गेला तेव्हा माझ्या डोक्यात सारांशच होता. ते ठणकावलेलं वाक्य मी रात्री कापलं. टीका उरली ती अशी: पुरावा त्याच्याकडे होता, पण तो त्याने शिस्तीच्या गोष्टीत बसवला आणि वेळेच्या मालकीचा धागा पुढे नेला नाही.

एक घरची गोष्ट, डेटा म्हणून नाही. आमचे आजोबा परळला गिरणीत होते. लालबागच्या चाळीत राहत तोवर त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. भोंगा वाजला की निघायचं. मनगटी घड्याळ घेतलं ते डोंबिवलीला खोली घेतल्यावर, पहिल्या पाळीसाठीची लोकल चुकू नये म्हणून. गिरणीने जे त्यांना घ्यायला लावलं नाही ते रेल्वेने लावलं. कल्याणपर्यंत गाडी १८५४ मध्ये आली, आणि १८७० नंतर रेल्वे मद्रास वेळेवर चाले, मुंबईच्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास पुढे. म्हणजे स्टेशनचं घड्याळ आणि गावची वेळ यांत अर्ध्या तासाचं अंतर या पट्ट्यातल्या माणसांनी गिरणीत पाऊल न ठेवताही सांभाळलं.

माझ्या प्रकरणात आता रेल्वे आधी येते, गिरणी नंतर. मुंबई महापालिकेने आपली जुनी वेळ १९५० पर्यंत सोडली नाही, त्यामुळे कामगार नेमके कोणत्या घड्याळावर हजेरी लावत होते हे गिरणीगणिक शोधावं लागणार आहे. मॅडमनी नवीन मसुद्यावर पुन्हा एक वाक्य गोल केलंय. या वेळी कंसात मॉरिस आहे, आणि पान नंबर मी आधीच काढून ठेवलाय.