ग्लुकोज उतरला, म्हणजे ताण उतरला का?

माशांच्या खाद्यात वनस्पतींचा अर्क मिसळला आणि ताण कमी झाला, असे पेपर तुम्ही पीएचडीच्या तयारीत वाचणारच. निष्कर्षावर जाण्याआधी एक गोष्ट शोधा: ताण मोजला कशाने? बऱ्याचदा उत्तर येतं, रक्तातल्या ग्लुकोजने. माझा आक्षेप इथेच आहे.

ताण आला की माशाच्या रक्तात काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं. ग्लुकोज वाढतो तो या संप्रेरकांच्या परिणामाने, म्हणजे तो ताणाचा दुय्यम पुरावा. आता मेथीचंच बघा. ती साखर उतरवते म्हणूनच आपल्याकडे ओळखली जाते. मग मेथी खाल्लेल्या माशाचा ताण उतरला, की नुसती साखर? शिवाय कडू अर्कामुळे मासा कमी खात असेल, तरी आकडा घसरू शकतो. प्रत्यक्ष किती खाद्य खाल्लं, याची नोंद पेपरात आहे का ते पाहा.

कॉर्टिसॉल मोजलं की सुटलो, असंही नाही. जाळ्याने मासा पकडणं हाच एक ताण. भूल द्यायला लवंग तेल वापरलं असेल, तर त्यातलं युजेनॉल कॉर्टिसॉलची वाढ दाबू शकतं.

नेमका दावा कसा करावा? वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या, म्हणजे सिफेतल्या संशोधकांचा 2010 चा पेपर वाचा. त्यांनी रोहूच्या बोटुकल्यांना खाद्यातून अश्वगंधाचं मूळ दिलं. शीर्षकात दावा आहे तो रोगप्रतिकारशक्तीचा आणि एरोमोनस हायड्रोफिला या जिवाणूविरुद्धच्या प्रतिकाराचा. अश्वगंधा म्हटलं की आपल्याला ताण आठवतो, तरी तो शब्द तिथे नाही.

स्वतःचा प्रयोग आखताना चार गट ठेवा: अर्क आणि ताण, फक्त अर्क, फक्त ताण, दोन्ही नाही. ताण न दिलेल्या माशांतही अर्काने ग्लुकोज तेवढाच उतरला, तर तो ताणावरचा परिणाम म्हणता येत नाही. आणि तीन टाक्यांत वीस-वीस मासे असतील, तर तुमचा नमुना तीनचा, साठचा नाही.

हे फक्त परीक्षकासाठी नाही. वसई-विरारकडच्या एखाद्या तळ्यात, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसानंतर पहाटे ऑक्सिजन घटतो, तेव्हा मासे वरती येऊन तोंड वासतात. तुमच्या निष्कर्षावर विसंबून महागडं खाद्य घेणाऱ्याला ग्लुकोजचा आकडा नको असतो, सकाळी जिवंत मासे हवे असतात. तेवढं तरी मोजा.