विधिमंडळ सदस्यांविरुद्धच्या लैंगिक छळाच्या तक्रारी : गोपनीयता नेमकी कोणाची?

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कापड कारखान्यात दहा किंवा अधिक कामगार असतील, तर मालकाला अंतर्गत समिती नेमावी लागते. वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे अहवालात नोंदवावे लागते. कसूर झाल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाची ही सक्ती आमदार-खासदारांपर्यंत मात्र पोहोचत नाही. अधिनियमाने योजलेल्या शिक्षा ताकीद, वेतनवाढ रोखणे, सेवेतून कमी करणे अशा स्वरूपाच्या आहेत. लोकप्रतिनिधीला मालक नाही, सेवापुस्तकही नाही. त्याला शिस्त लावण्याचा अधिकार सभागृहाचा आणि सभागृहाच्या चौकशीभोवती विशेषाधिकाराचे कुंपण. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानेही, कलम ८(१)(ग) अन्वये, विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती उघड करण्यातून सूट दिलेली आहे.

राजकीय पक्षांच्या बाजूनेही वाट बंद आहे. पक्षांना हा अधिनियम लागू करावा, ही याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्या पीठाचे प्रमुख तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई हे अमरावतीचेच. त्यांचे वडील रा. सू. गवई यांनी विधान परिषदेचे सभापतिपद भूषविले होते.

सभागृहाला उघडपणे चौकशी करता येत नाही, असे मात्र नाही. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात २००५ साली पवनकुमार बन्सल समितीचा अहवाल लोकसभेत मांडला गेला आणि २३ डिसेंबरला दहा सदस्यांची हकालपट्टी झाली. त्यांत जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. पाटील हे महाराष्ट्रातील दोघे होते. पैशाच्या बाबतीत जे आठवड्यांत साधले, ते स्त्रीच्या तक्रारीबाबत अवघड का ठरावे?

याचे नेहमीचे उत्तर म्हणजे कलम १६. तक्रार, चौकशी, शिफारस तसेच तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करण्यास हे कलम मनाई करते. परंतु त्याचे परंतुक बारकाईने वाचले पाहिजे. पीडितेस मिळालेल्या न्यायाची माहिती प्रसिद्ध करण्यास ते मुभा देते आणि ओळख झाकण्याची अट घालते, ती केवळ तक्रारदार व साक्षीदार यांच्यापुरती. मूळ कलमात तिघे आहेत, परंतुकात दोघेच. प्रतिवादी तेथून वगळला गेला, हा शब्द गाळण्याचा अपघात मानता येत नाही. दोष सिद्ध झाल्यावर सदस्याचे नाव दडविण्यासाठी कलम १६ पुढे करणे म्हणजे तक्रारदाराची ढाल तिच्या प्रतिवादीच्या हाती देणे होय.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये बॉब पॅकवुड यांच्या प्रकरणी १९९५ साली जाहीर सुनावणीचा प्रस्ताव ५२ विरुद्ध ४८ मतांनी फेटाळला गेला. तरीही नीतिसमितीने सुमारे दहा हजार पानांचा पुरावा प्रसिद्ध केला आणि पॅकवुड यांना राजीनामा जाहीर करावा लागला. सुनावणी बंद दाराआड आणि नोंद खुली, हा मार्ग त्यातून दिसतो.

विधान भवनाच्या आवारात जुलै २०२५ मध्ये झालेल्या हाणामारीनंतर अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी नीतिमूल्य समिती नेमण्याची घोषणा केली. घोषणेचे निमित्त हाणामारीचे असले, तरी अशा समितीच्या कार्यकक्षेत लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्या, टप्पा व कालमर्यादा प्रत्येक अधिवेशनात पटलावर ठेवण्याचे बंधन असावयास हवे. नावाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी आमदाराच्या संपर्क कार्यालयात दोन-तीनच माणसे असतात. त्यांत स्त्री एखादीच. आमदाराचे नाव छापले की ती कोण, हे बाजारात सांगावे लागत नाही. शिवाय दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने तिची तक्रार जिल्हा अधिकाऱ्याने नेमलेल्या स्थानिक समितीकडे जाते आणि जिल्हा प्रशासनाच्या बैठकांत तोच आमदार मानाच्या खुर्चीवर असतो. त्यामुळे निष्कर्षापूर्वी केवळ आकडे, निष्कर्षानंतर सदस्याचे नाव, तेही तक्रारदाराच्या लेखी संमतीने, हा क्रम नियमातच लिहिला गेला पाहिजे. तो अध्यक्षांच्या इच्छेवर सोडता येणार नाही.