तळटीपेतला गुलाम

बी. ए.च्या समाजशास्त्राच्या वर्गात एमिल डर्खाइम येतो तेव्हा वर्ग गप्प होतो. विषय आत्महत्येचा असतो आणि जिल्हा यवतमाळ असतो. याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपविले. त्यानंतर कापसाच्या या मुलखात किती घरे उठली, ते आमच्या विद्यार्थ्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. विद्यार्थी वापरतात त्या बाजारू पाठ्यपुस्तकांना मात्र याची खबर नाही. ती सांगतात, आत्महत्येचे प्रकार चार : अहंवादी, परार्थवादी, प्रमाणकशून्य, दैववादी. प्रत्येकाला चार ओळी. पाठ करा, लिहा, गुण घ्या.

गेल्या सत्रात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्यानं जीव देला, तर थो कायच्यात येते?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझे वडील सालगडी होते. घराण्यातला पहिला पदवीधर मी. मीही हे चार प्रकार असेच पाठ करून पास झालो आणि हा प्रश्न मला कधी पडला नाही. ही कबुली आधी देतो, मग पुस्तकांविषयी बोलतो.

डर्खाइमचा ग्रंथ १८९७ चा. माणूस स्वतःला मारतो त्याची कारणे समाजाच्या बांधणीत शोधली पाहिजेत, हे त्याने आकड्यांनिशी मांडले. त्याचे हे ऋण आम्ही नाकारू नये. 'दारू', 'घरगुती वाद' असे शेरे मारून फाईल बंद करणाऱ्यांशी भांडताना हेच हत्यार उपयोगी पडते. पण परार्थवादी आत्महत्येचे उदाहरण देताना तो हिंदू विधवेच्या सती जाण्याकडे बोट दाखवतो : व्यक्ती समूहात इतकी विरघळते की मरण हे कर्तव्य होते. आमची पुस्तके हे जसेच्या तसे उतरवून घेतात.

या ग्रंथानंतर १९ वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला. त्यातही सती आहे. पण बाबासाहेब तिच्याकडे वेगळ्या वाटेने येतात. जात हा बंदिस्त वर्ग. तो जातीअंतर्गत विवाहाने बंदिस्त राहतो. मग नवऱ्यामागे उरलेल्या बाईचे करायचे काय? तिला जाळा, नाहीतर जन्मभराचे सक्तीचे वैधव्य द्या. डर्खाइमला जिथे कर्तव्य दिसले, तिथे बाबासाहेबांना एका यंत्रणेची गरज दिसली. ही दोन पाने शेजारी ठेवून शिकवली तर समाजशास्त्र कशाशी खातात ते विद्यार्थ्याला एका तासात कळेल. पण डर्खाइम 'सिद्धांता'च्या प्रकरणात आणि बाबासाहेब शेवटच्या 'समाजसुधारकां'च्या प्रकरणात : जन्म, शिक्षण, कार्य. मध्ये दीडशे पाने.

चौथा प्रकार तर आमच्यासाठी अधिकच महत्त्वाचा. दैववादी आत्महत्या डर्खाइमने तळटीपेत उरकली आहे. भविष्याची सारी दारे बंद असलेल्यांचे हे मरण. तिथे त्याला गुलामांच्या आत्महत्या आठवतात. पण आजच्या काळात याला फारसे महत्त्व नाही, उदाहरणेही सापडत नाहीत, असे म्हणून तो पुढे जातो. त्याआधी २४ वर्षे, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी पुण्यात 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली होती आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. पॅरिसला उदाहरण सापडेना, ते इथे ग्रंथाच्या नावातच होते! पुढे 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तर त्यांनी कागद लिहिणाऱ्याचाच हात धरला. तिथला कुलकर्णी म्हणजे आमच्या वऱ्हाडातला पटवारी.

आणि त्या मुलाचा प्रश्न नेमका पटवाऱ्याच्या कागदापाशीच येतो. राज्य शासनाच्या २३ जानेवारी २००६ च्या निर्णयाने शेतकरी आत्महत्येला एक लाखाची मदत ठरली. त्यासाठी मृताच्या किंवा कुटुंबातील कुणाच्या नावे शेतजमीन हवी आणि कर्जाची नोंद हवी. मग प्रकरण पात्र, नाहीतर अपात्र. भूमिहीन मजूर या चौकटीबाहेरच राहिला. देशाच्या गुन्हे नोंदणी विभागाने शेतमजुरांची वेगळी मोजणी २०१४ पासून सुरू केली. २०२२ साली शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत शेतकरी ५,२०७ आणि मजूर ६,०८३. म्हणजे मजूरच जास्त. डर्खाइमने सरकारी तक्ते विश्वासाने घेतले. आमच्या विद्यार्थ्याने तक्त्याचे रकाने कोणी आखले हे आधी विचारावे, एवढे तरी फुल्यांच्या मुलखात शिकवता यायला हवे. अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिक्षकाच्या हातात खडू असतोच.

यंदा मी वर्गाला काम दिले : आपापल्या वस्तीत जा, दुसऱ्याच्या रानात राबणारी माणसे मोजा आणि सरकारी कागदांवर त्यांचा व्यवसाय काय लिहिला आहे ते पाहा. एका मुलीने बावीस बायांची यादी आणली. साऱ्या कापूस वेचायला जाणाऱ्या, तिची आई धरून. सतरा जणींच्या नावापुढे 'गृहिणी' होते. यादीखाली तिने लिहिले होते, "सर, माझ्या मायनं जीव देला तर मजुरांच्या आकड्यातही ती येणार नाही."

ती वही अंतर्गत गुणांसाठी माझ्या टेबलावर आहे. गुण द्यायचे ते नमुना उत्तराप्रमाणे, आणि नमुना उत्तरात चार प्रकार आहेत.