व्हॉल्व्ह उघडता येतो, पण का उघडायचा?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक उद्दिष्ट आहे: २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसायशिक्षणाची ओळख. हेतू चांगला. पण ते मोहोपाड्यात बसून वाचा. शेजारी रसायनीला हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स. एक प्लांट सोडून तिथले बाकीचे बंद करायचं २०१७ मध्ये ठरलं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा एवढंच ज्याला शिकवलं, त्याचं कौशल्य प्लांटबरोबरच संपतं. दाब का वाढतो हे ज्याला कळलं, तो पाताळगंगेच्या दुसऱ्या कारखान्यातही उभा राहील. आमचा आक्षेप एवढाच, की हे उद्दिष्ट ओळख मोजतं, समज मोजत नाही. उद्या यंत्र बदललं, तर पोरानं पुन्हा शिकायचं कशाच्या जोरावर?